स्टीम डेक २ साठी थांबायचं का?

प्रश्न नागपूरच्या धरमपेठेतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे, आणि तो स्टीम डेकबद्दल आहे, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या, हातात धरून कॉम्प्युटरचे खेळ खेळायच्या यंत्राबद्दल: "दादा, मामा दिवाळीत अमेरिकेहून येऊन राहिले. त्यांना स्टीम डेक ओलेड आणायला सांगू, का थांबू? स्टीम डेक २ आता कधीही जाहीर होईल असं सगळे पोट्टे म्हणून राहिले. निन्टेन्डोचा स्विच २ आला, आसुसचा एक्सबॉक्सवाला ॲलाय आला, मग व्हॉल्व्ह किती दिवस गप्प बसेल? आत्ता घेतला अन् दोन महिन्यांनी नवीन निघाला तर पैसे पाण्यात जातील."

थांबू नको. या दिवाळीपर्यंत स्टीम डेक २ येत नाही, २०२६ मध्येच येत नाही, असं धरून चाल. माझा अंदाज २०२८ चा आहे. सगळं जुळून आलं तर २०२७ ची अखेर. अंदाज माझा आहे, व्हॉल्व्हने कुठलीही तारीख दिलेली नाही. पण तो कशावरून बांधला ते नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुठलीही बातमी आली की तुझी तुलाच ती पारखता येईल.

मी सोनीच्या पीएसपीच्या काळापासून इथल्या बर्डीवर ही यंत्रं विकतो आणि उघडून दुरुस्त करतो. नवीन मॉडेल कधी येणार हा प्रश्न दुकानात कायम असतो, फक्त यंत्राचं नाव बदलतं. पीएसपी २, स्विच प्रो, आता डेक २. यात बहुतेक जण दोन गोष्टींवर विसंबतात. एक म्हणजे आधीच्या दोन यंत्रांमधलं अंतर मोजून पुढची तारीख काढायची. दुसरी म्हणजे कुठेतरी फुटलेली बातमी. दोन्हींचा उपयोग फार थोडा आहे.

अंतराचं बघ. निन्टेन्डोचा गेम बॉय एप्रिल १९८९ मध्ये जपानात आला. मध्ये १९९८ साली गेम बॉय कलर आला खरा, पण पूर्ण नवी पिढी म्हणावी असा गेम बॉय ॲडव्हान्स यायला मार्च २००१ उजाडला. म्हणजे बारा वर्षं. त्यानंतर डीएस नोव्हेंबर २००४ मध्येच आला, चार वर्षंसुद्धा पूर्ण झाली नव्हती. डीएस ते थ्रीडीएस सव्वासहा वर्षं, थ्रीडीएस ते स्विच सहा, आणि स्विच ते स्विच २ सव्वाआठ वर्षं. आता याची सरासरी काढून करणार काय? प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं. २००४ मध्ये सोनीचा पीएसपी दारात उभा होता, तो डिसेंबरात जपानात विक्रीला आला. डीएस त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी अमेरिकेत निघाला. उलट स्विचच्या वेळी घाई करायचं कारणच नव्हतं. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोने २ कोटी ८८ लाख स्विच विकले, आणि तेही यंत्र बाजारात येऊन चार वर्षं झाल्यावर. पुढे आकडा २ कोटी ३० लाख, १ कोटी ८० लाख, १ कोटी ५७ लाख असा उतरत गेला, तेव्हा कुठे मे २०२४ मध्ये अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, की पुढच्या यंत्राची घोषणा या आर्थिक वर्षात करू. कंपनीची विक्री कुठे चालली आहे हे त्यांच्या तिमाही आकड्यांत सगळ्यांना दिसतं. निन्टेन्डोचा अंदाज बांधायचा असेल तर ते आकडे वाचायचे.

आता फुटलेल्या बातम्या. त्या खोट्याच असतात असं मी म्हणत नाही. खरी बातमीसुद्धा तारीख सांगत नाही, अडचण ही आहे. २०२१ च्या मार्चमध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की सॅमसंग निन्टेन्डोसाठी सात इंची ओलेड पडदे बनवणार आहे आणि नवा स्विच टीव्हीला जोडल्यावर ४के चित्र देईल. पडद्याची बातमी शंभर टक्के खरी निघाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्विच ओलेड आला, पण ४के काही आलं नाही, आतली चिप जुनीच. पडद्याची ऑर्डर पुरवठादाराकडे गेलेली असते, तिथून ती बाहेर कळते. त्या पडद्यामागे कंपनी कुठलं यंत्र बसवणार हे पुरवठादाराला कुठे माहीत असतं?

त्याहून बोलकं उदाहरण टी२३९ चं आहे. २०२२ च्या सुरुवातीला चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियावर सायबर हल्ला झाला आणि बाहेर आलेल्या फायलींत निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्राच्या चिपचे धागेदोरे सापडले. नाव टी२३९, सोबत डीएलएसएसचा, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र मोठं आणि स्पष्ट करायच्या एन्व्हिडियाच्या तंत्राचा उल्लेख. अक्षरशः खरी माहिती. मग काय, "वर्षभरात स्विच २" असं जिकडेतिकडे सुरू झालं. आमच्याकडे काही पोरांनी तेव्हा घेतलेला स्विच विकून टाकला. स्विच २ आला ५ जून २०२५ ला, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. त्या पोरांनी हातातलं यंत्र घालवून तीन वर्षं नुसती वाट बघितली. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शाळा-कॉलेजातला तेवढाच काळ असतो खेळायला मिळणारा.

म्हणून मी दरवेळी एकच बघतो: कंपनी कशासाठी अडून बसली आहे? ती अडचण सुटल्याचं दिसत नाही तोवर तारखेची चर्चा करण्यात अर्थ नाही. निन्टेन्डोसाठी अडचण सहसा विक्री, खेळांची तयारी आणि किंमत अशी असते. व्हॉल्व्हच्या बाबतीत ती एकाच ठिकाणी येऊन थांबते, चिपवर. आणि हे त्यांनी स्वतःच वारंवार, उघडपणे सांगितलं आहे.

आधी हातातलं यंत्र काय आहे ते बघू. पहिला स्टीम डेक जुलै २०२१ मध्ये जाहीर झाला. डिसेंबरात देऊ म्हणाले, आला २८ फेब्रुवारी २०२२ ला. आत एएमडी या चिप कंपनीने खास त्यांच्यासाठी बनवलेली चिप, ७ नॅनोमीटरची (हा आकडा जितका लहान, तितकी कमी विजेत काम करणारी चिप): झेन २ प्रोसेसरचे चार कोअर, आरडीएनए २ ग्राफिक्सची आठ युनिट्स, १६ जीबी मेमरी, ४० वॉट-अवरची बॅटरी. पडदा १२८० बाय ८००. चिपला वीज मिळते ४ ते १५ वॉट. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड आला. त्यात चिप तीच, फक्त ६ नॅनोमीटरवर बनवलेली, मेमरी थोडी वेगवान, बॅटरी ५० वॉट-अवर, पडदा ७.४ इंची आणि ९० हर्ट्झचा. वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० वर आलं. पहिल्याला व्हॉल्व्ह २ ते ८ तास बॅटरी सांगत होती, ओलेडला ३ ते १२ तास. चिप सुधारल्यामुळे जी वीज वाचली ती त्यांनी वेग वाढवण्यात घातली नाही, बॅटरी टिकण्यात घातली. व्हॉल्व्हची माणसं कसा विचार करतात हे मला या एका निर्णयावरून सगळ्यात जास्त कळलं.

कारण वेग वाढवणं तसं अवघड नाही. आसुसने २०२३ मध्येच ॲलाय काढून दाखवला, झेड१ एक्स्ट्रीम चिप, ३० वॉटपर्यंत वीज ओढणारी. प्लगला लावलेला असताना तो डेकच्या खूप पुढे जातो. पण त्याच्यातही बॅटरी ४० वॉट-अवरचीच होती. हिशोब साधा आहे: चिप ३० वॉट, वरून पडदा, पंखा, वायफाय धरून सगळं यंत्र ४० वॉटच्या आसपास गेलं की ४० वॉट-अवरची बॅटरी तासाभरात संपली. मोठी शेगडी लावली की सिलेंडर लवकर रिकामा होतो, तसंच. आणि तोच ॲलाय १५ वॉटवर आणून डेकशेजारी ठेवला की फरक बराच कमी होतो. त्यात त्याचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे डेकच्या दुप्पट ठिपके. ते दुप्पट ठिपके रंगवायचं काम त्याच १५ वॉटमध्ये करायचं.

"मग बॅटरीच मोठी लावा ना" असं तू म्हणशील. आसुसने पुढच्या वर्षी ॲलाय एक्समध्ये तेच केलं, बॅटरी थेट ८० वॉट-अवर, चिप जुनीच. चांगलं यंत्र आहे, मी लोकांना घ्यायला सांगतो. पण यापुढे वाट अरुंद होते. विमानात परवानगीशिवाय नेता येते ती बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंतची. हातात धरून दोन तास खेळायच्या यंत्राचं वजनही कुठेतरी थांबायला हवं. म्हणजे खरी झेप घ्यायची तर त्याच दहा-पंधरा वॉटमध्ये जास्त काम करणारी चिप हवी.

आणि तिथेच घोडं अडलं आहे. या यंत्रांत ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर चालतात. पहिल्या डेकमध्ये त्या मेमरीतून सेकंदाला ८८ जीबी डेटा ये-जा करू शकतो, ओलेडमध्ये साधारण १०२ जीबी. ग्राफिक्सची युनिट्स दुप्पट केली आणि डेटा तेवढ्याच वेगाने येत राहिला, तर अर्धी युनिट्स रिकामी बसतात. मेमरीचा मार्ग रुंद करायचा तर चिप मोठी होते, बोर्ड महाग होतो, वीज जास्त जाते. नव्या नॅनोमीटरची चिप घ्यायची तर तीही महाग, आणि त्या कारखान्यांत रांगेत पुढे कोण उभे आहेत तर मोबाइलवाले आणि एआयच्या सर्व्हरवाले. ३९९ डॉलरपासून यंत्र विकायला सुरुवात केलेल्या कंपनीला हे गणित जुळवायचं आहे.

यावर व्हॉल्व्ह काय म्हणाली ते क्रमाने बघ, तुला त्यात एक सरळ रेषा दिसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये डेकवर काम करणारे त्यांचे पिएर-लू ग्रिफे म्हणाले, वेगात मोठी झेप पुढची दोनेक वर्षं तरी शक्य दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्याच टीमने सांगितलं, की दरवर्षी थोडंसं सुधारलेलं मॉडेल काढणं ग्राहकांवर अन्याय आहे, आम्ही बॅटरीला धक्का न लावता पूर्ण पिढीची झेप मिळेल तेव्हाच काढू. जानेवारी २०२५ मध्ये एएमडीने अशा हातातल्या यंत्रांसाठीच्या झेड२ चिप जाहीर केल्या आणि सादरीकरणात डेकचं नाव दिसलं म्हणून बोंब उठली. ग्रिफेंनी लगेच लिहिलं की झेड२ वर चालणारा डेक नाही आणि होणारही नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रिफेच म्हणाले, की त्याच बॅटरीत २०, ३० काय, ५० टक्के जास्त वेग मिळाला तरी आम्हाला तेवढ्यावर नवीन डेक काढायचा नाही. पुढचा डेक कसा असेल याची कल्पना आम्हाला आहे, पण त्याला लागणारी चिप आज बाजारात नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार. चिप बाजारात नाही याचा अर्थ ती आधी तयार व्हायची, मग तिच्यावर बोर्ड, मग थंड ठेवायची व्यवस्था, मग चाचण्या, मग उत्पादन. २०२५ च्या अखेरीस जी चिप नाही, तिच्यावर चालणारं यंत्र २०२६ च्या दिवाळीत मामांच्या बॅगेत कसं असणार?

त्यात भर मेमरीच्या भावाची. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कडाडले. कॉम्प्युटर जोडून देणारे बर्डीवरचे माझे शेजारी सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला तयार नसायचे, कोटेशनवर "आजपुरतं" असं लिहून द्यायचे. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर डिसेंबरात क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. व्हॉल्व्हने त्याच महिन्यात जुन्या एलसीडी डेकचं उत्पादन थांबवलं, आणि २०२६ च्या सुरुवातीला मेमरी-स्टोरेजच्या टंचाईमुळे ओलेडचाही माल अधूनमधून संपेल असं सांगितलं. आहे ते यंत्र पुरवताना ओढाताण होत असताना, त्याहून जास्त आणि त्याहून वेगवान मेमरी लागणारं नवीन यंत्र कोण बाजारात उतरवेल?

काही जणांनी एलसीडी बंद झाल्याचं बघूनच "बघा, नवीन येतोय" असा निष्कर्ष काढला. मला तसं वाटत नाही. स्वस्त मॉडेल बंद करून महाग मॉडेल चालू ठेवणं हे खर्च सावरण्याचं लक्षण आहे. वारस यायचा असता तर दोन्हींचा माल सवलतीत काढून टाकला असता.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन (टीव्हीला जोडायचा खेळांचा कॉम्प्युटर), स्टीम फ्रेम (डोळ्यांवर लावायचं व्हीआर यंत्र) आणि नवा कंट्रोलर जाहीर केला. ही कंपनी माणसांच्या संख्येने लहान आहे. तीन यंत्रं एकाच वेळी हातात असताना चौथं यंत्र त्याच लोकांनी करायचं. शिवाय तिचा पैसा मुख्यतः स्टीम या तिच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून येतो. मे २०२५ पासून लेनोवोचा लिजन गो एस हा हँडहेल्डही व्हॉल्व्हचं स्टीमओएस घालून मिळतो. कोणाच्याही यंत्रावर स्टीमवरून खेळ विकला गेला तरी व्हॉल्व्हचा वाटा तिला मिळतोच. त्यामुळे आसुसने काय काढलं, लेनोवोने काय काढलं याने तिची झोप उडत नाही. स्विच २ आला म्हणून ती घाई करेल हा तुझा तर्क इथे लागू पडत नाही.

स्विच २ चा ओलेड कधी येणार हेही बरेच जण विचारतात. पहिल्या वेळी साडेचार वर्षं लागली होती. एवढ्यावर थांबतो, कारण तुझा प्रश्न तो नाही.

मग खरंच डेक २ जवळ आला हे ओळखायचं कशावरून? पहिली खूण म्हणजे सरकारी नोंदणी. वायफाय-ब्लूटूथ असलेलं प्रत्येक यंत्र विक्रीआधी रेडिओ तपासणीत पास व्हावं लागतं आणि ती नोंद सार्वजनिक असते. ओलेडच्या वेळी सप्टेंबर २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या नोंदींत व्हॉल्व्हचं एक अनोळखी यंत्र दिसलं होतं. ९ नोव्हेंबरला घोषणा झाली आणि १६ नोव्हेंबरला विक्री सुरू. म्हणजे घोषणेनंतर हाताशी फक्त आठवडा होता, पण नोंदणीनंतर दोन महिने होते. दुसरी खूण म्हणजे मालवाहतुकीच्या नोंदी. स्विच २ च्या १२ जीबी मेमरीचा आणि २५६ जीबी स्टोरेजचा अंदाज लोकांनी २०२४ मध्येच सुट्या भागांच्या आयातीच्या नोंदींवरून बांधला होता आणि तो बरोबर निघाला. तिसरी, आणि तुझ्या कामाची: एएमडीने कमी वॉटमध्ये खरोखर मोठी झेप घेणारी चिप जाहीर केली आणि ग्रिफेंनी या वेळी नकार दिला नाही. झेड२ च्या अफवेला त्यांनी लगेच स्पष्ट उत्तर दिलं होतं, म्हणून त्यांच्या गप्प बसण्यालाही किंमत आहे. यातलं काही दिसत नसेल आणि नुसता कोणाचा तरी व्हिडिओ फिरत असेल, तर तो सोडून द्यायचा.

आता पैसे पाण्यात जाण्याबद्दल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ज्याचे पैसे जातात त्यालाच ते कळतं. २०११ मध्ये थ्रीडीएस २५० डॉलरला आला आणि सहा महिन्यांच्या आत १७० वर आणला गेला. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांचं नुकसान झालंच. पीएसपीवाल्यांचं वेगळं झालं: जमवलेल्या यूएमडी डिस्क सोनीच्या पुढच्या यंत्रात, व्हिटात, घालायला जागाच नव्हती. पण डेकमध्ये तुझे पैसे कुठे राहतात ते बघ. खेळ स्टीमच्या खात्यावर आहेत, रुपयांत घेतलेले आहेत, ते कॉम्प्युटरवर चालतात आणि डेक २ आला की त्यावरही चालतील. घसरेल ती फक्त यंत्राची किंमत. दोन वर्षं वापरून ती जेवढी घसरेल तेवढं त्या दोन वर्षांचं भाडं समज. मला तो सौदा महाग वाटत नाही.

उलट डेक २ च्या पहिल्या लॉटसाठी थांबण्यात नागपूरकराला दुप्पट थांबावं लागतं. स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. तिकडे जाहीर झाला की आधी अमेरिका-युरोपची रांग, मग तिथून मुंबई-दिल्लीच्या आयातदारांकडे, मग आपल्याकडे, आणि सुरुवातीचे काही महिने चढा भाव. पहिल्या डेकच्या वेळी अमेरिकेतच लोक बुकिंग करून महिनोन् महिने थांबले होते. मी २०२८ म्हणतो तेव्हा तुझ्या हातात तो त्याहून पुढेच पडणार, हे धरून चाल.

आपल्या हवेबद्दल दोन शब्द, कारण हे बाहेरचे परीक्षण करणारे कधी सांगत नाहीत. व्हॉल्व्हने स्वतः सांगितलं आहे की डेक बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असताना नीट चालतो, चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते आणि १०५ ला यंत्र बंद होतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, नवतपात रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. मागच्या उन्हाळ्यात हिंगण्याहून एक मुलगा एक हँडहेल्ड घेऊन आला, कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही. तक्रार एवढीच की उजवं बटण घट्ट झालं आहे. टेबलावर सपाट ठेवला तर तो डुलत होता. मागचं झाकण मधोमध केसभर उचललेलं. स्क्रू सैल करताच झाकण आपोआप वर आलं, खाली बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती आणि बटणाच्या पट्टीला खालून रेटत होती. पंख्याच्या जाळीवर ओलसर धुळीचा थर, बोटाने सोलून निघेल असा. मुलगा दुपारभर कुलरच्या तोंडाशी बसून, चार्जर लावूनच खेळायचा. कुलरची हवा गार लागते, पण दमट असते आणि वाळ्याच्या पडद्यातून बारीक कचरा सोबत आणते. ती हवा थेट पंख्यात जायला नको. चार्जर लावून तासन् तास जड खेळ, आणि बाहेर ४५ अंश, हे बॅटरीसाठी सगळ्यात वाईट.

म्हणून डेक आला की पहिल्याच दिवशी हे करून ठेव. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती चालू कर. तीन ठिपक्यांचं बटण दाबून उन्हाळ्यात वॉट १० वर आणि फ्रेम ४५ वर बांध, ओलेडच्या ९० हर्ट्झच्या पडद्यावर ४५ छान दिसतात. खेळताना तो मांडीवर, गादीवर ठेवू नको, मागची हवेची जाळी मोकळी राहू दे.

आणि ओलेडच घे, जुना एलसीडी कोणी स्वस्तात देत असला तरी. दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, पहिल्या डेकची बॅटरी इतकी घट्ट चिकटवलेली आहे की ती काढताना हात जपून चालवावा लागतो. ओलेडमध्ये झाकणाच्या स्क्रूंना धातूचे आटे आहेत, चार वेळा उघडलं तरी प्लास्टिक झिजत नाही. वॉरंटी इथे मिळणार नाही, त्यामुळे उद्या तो माझ्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर येणार आहे, तेव्हा हा फरक तुझ्या खिशाला जाणवेल.

मामांना ५१२ जीबीचा सांग. १ टीबीसाठी जास्तीचे पैसे घालू नको, मायक्रोएसडी कार्ड लागतं आणि पुढेमागे आतला एसएसडीही बदलता येतो. निघायच्या आठवड्यात मागवायचा असं ठेवू नका, माल कधी संपेल सांगता येत नाही, दोन महिने आधीच ऑर्डर टाकायला सांग. नवा मिळाला नाही तर व्हॉल्व्हच्याच दुकानातला रिफर्बिश्ड बघायला सांग, तो कंपनीने तपासलेला असतो, मी तो डोळे झाकून घेईन. चार्जर तिकडच्या पिनेचा येईल, तो आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त वर पिन बदलणारा ॲडॉप्टर लागेल. बिल जपून ठेवायला सांग, कस्टमला विचारलं तर दाखवता येईल. आणि डेक चेक-इनच्या बॅगेत टाकू देऊ नको, लिथियमची बॅटरी आहे, हातातल्या बॅगेतच असू दे.